मोत्याचं न्हाणं वेगळं, अकिकाचं वेगळं

केजहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. सासूबाईंचं वर्षश्राद्ध आटोपल्यावर त्यांची पेटी उघडली. आत निघालं ते असं : मोत्यांची नथ, मोत्यांच्या कुड्यांचा जोड, पोवळ्यांची तुटलेली माळ, लाल खड्याची एक अंगठी आणि जुन्या खणाच्या तुकड्यात बांधलेले चाळीस-पन्नास तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचे मणी. मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे. सराफ म्हणतात, "वहिनी, सगळं मोडून टाका. सोनं वजनावर घेतो, खड्यामोत्यांना काही किंमत नाही." धाकट्या जाऊबाई म्हणतात, "रिठ्याच्या पाण्यात चांगलं उकळून घ्या, नव्यासारखं होईल." आणि भगिनींचा स्वतःचा विचार असा, की पोवळी आणि ते तपकिरी मणी मिळून एकच माळ ओवावी आणि लेकीच्या गळ्यात घालावी. तर काय करावं?

मैत्रिणींनो, हे पत्र एकीचं असलं तरी अशी पेटी पुष्कळ घरांत आहे, म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच देते.

आधी ते रिठ्याचं पातेलं गॅसवरून खाली उतरवा. नुसत्या सोन्याला रिठा चालतो, आपल्या आज्या-पणज्यांनी तेच केलं. पण या पेटीत नुसतं सोनं नाही. हे पाचही जिन्नस एका पातेल्यात घालणं म्हणजे तान्हं बाळ, ऐंशी वर्षांची म्हातारी आणि तालमीतला पैलवान या तिघांना एकाच कढत पाण्यानं न्हाऊ घालण्यासारखं आहे. पैलवानाला काही होणार नाही. बाकीच्यांचं काय?

यातली तान्ही बाळं म्हणजे मोती आणि पोवळं. हे दगड नव्हेतच. मोती शिंपल्यातला जीव तयार करतो आणि पोवळं समुद्रातले बारीक जीव रचत जातात. दोन्हींत मुख्य भाग असतो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे अंड्याचं टरफल किंवा संगमरवर ज्याचा असतो त्याचाच. अंड्याच्या टरफलावर लिंबाचे चार थेंब टाकून बघा. बुडबुडे येतात ना? तेच मोत्याचं होतं. लिंबू, चिंचेचं पाणी, ताक, व्हिनेगर यांतलं काहीही मोत्या-पोवळ्यांना लावू नका. चिंचेनं तांब्याची घागर लख्ख निघते म्हणून कुडीलाही तीच लावली, तर मोत्याची झिलई जाते आणि ती पुन्हा येत नाही. उकळत्या पाण्यानंही मोती निस्तेज होतो, शिवाय आतला दोरा कुजतो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट कठीणपणाची. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं १८१२ साली एक ते दहा अशी कठीणपणाची पट्टी बसवली, ती आजही वापरतात. तिच्यावर आपलं नख अडीचच्या जवळ येतं. मोती अडीच ते साडेचारच्या मध्ये कुठेतरी, पोवळं तीन-चार. खिडकीची काच साडेपाच, अकीक आणि गारगोटी साधारण सात, पाचू साडेसात ते आठ, पुष्कराज आठ, माणिक आणि नीलम नऊ, आणि हिरा दहा. वरच्या आकड्याचा खडा खालच्या आकड्याच्या खड्यावर ओरखडा काढतो. घरातल्या धुळीतसुद्धा वाळूचे म्हणजे गारेचे कण असतात, कठीणपणा सात. आता कळलं ना, मोत्यांवरची धूळ कोरड्या फडक्यानं खसाखसा का पुसायची नाही ते? आणि सगळे दागिने एकाच डब्यात का टाकायचे नाहीत, तेही.

तेव्हा मोत्यांचं न्हाणं एवढंच : मलमलीचा मऊ तुकडा साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचा, हलक्या हातानं एकेक मोती पुसायचा, मग कोरड्या मलमलीवर सावलीत पसरून ठेवायचा. ओला मोती डबीत घालायचा नाही. हे काम सणाच्या आदल्या दिवशी नको, दागिना अंगावरून उतरवल्यावर लगेच करा, कारण घाम आणि पावडर मोत्यावर रात्रभर राहिली तर तीच त्याला खाते. अत्तर, पावडर, केसांचं तेल, सगळं आटोपल्यावर मोती अंगावर चढवायचे आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी तेच उतरवायचे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते पत्र्याखालच्या लोखंडी ट्रंकेत किंवा हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. मोत्याला थोडा ओलावा लागतो, अगदी कोरडा पडला तर त्याला बारीक तडे जातात. कापडी बटव्यात ठेवा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेले असतील तर वर्षातून दोनदा तरी काढून अंगावर घाला.

आता "किंमत नाही" या वाक्याकडे वळू. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि मोती भोकं पाडून, निवडून, ओवून विकण्याचा मोठा व्यवसाय हैदराबादेत होता. बीड-अंबाजोगाईकडच्या जुन्या घरांत मोत्यांची गोष्ट निघाली की हैदराबादचं नाव निघतंच. त्या काळच्या चांगल्या मोत्यांना बसऱ्याचे मोती म्हणत. ते इराणच्या आखातातल्या शिंपल्यांतून आपोआप तयार झालेले असत. जपानच्या मिकिमोतोंना १८९३ मध्ये शिंपल्यात मोती वाढवण्यात पहिलं यश आलं, पुढे असे वाढवलेले मोती जगभर झाले आणि मोती स्वस्त झाला. म्हणून तुमच्या नथीतले मोती जर आजेसासूबाईंच्या वेळचे असतील, तर ते नैसर्गिक असण्याचा संभव आहे, आणि नैसर्गिक मोत्याला आजही चांगला भाव आहे. अर्थात ते वाढवलेलेही असतील, किंवा काचेचेही. दातावर हलकेच घासून पाहायची जुनी परीक्षा काच तेवढी ओळखते. खरा मोती दाताला किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. पण नैसर्गिक आणि वाढवलेला यांतला फरक दाताला कळत नाही. त्याला क्ष-किरण लागतात. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या संस्थेत रत्नांची तपासणी करून लेखी दाखला मिळतो. लग्नाच्या खरेदीला कुणी मुंबईला जाणारच असेल, तर नथ बरोबर न्या. तपासल्याशिवाय मोडू नका, माझं स्पष्ट मत आहे.

नथीला पाणी दाखवायच्या आधी आणखी एक करा, ती उलटी करून बघा. मधल्या गुलाबी किंवा लाल खड्याची पाठ सोन्यानं बंद केलेली असेल, तर खड्याखाली बहुधा डांक असतो, म्हणजे चकाकी वाढवण्यासाठी लावलेला पातळ पत्रा. आत पाणी शिरलं की डांक काळा पडतो आणि खडा कायमचा मेल्यासारखा दिसतो. अशा दागिन्याला पाणी वर्ज्य, नुसता मऊ कुंचला फिरवायचा. ठुशी, बोरमाळ असे पोकळ मण्यांचे दागिने असतील तर त्यांच्या पोटात लाख भरलेली असते. कढत पाण्यात लाख मऊ होते आणि मण्यांना पोचे पडतात. जाऊबाईंना हेही सांगा.

नथीची तार झिजली असेल तर ते काम सोनाराचं किंवा पटवेकऱ्याचं. घरी पक्कड घेऊन बसू नका. मात्र देण्याआधी मोती मोजा, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि जमलं तर समोर बसून करून घ्या. यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, चांगला कारागीर स्वतःच "मोजून द्या" म्हणतो.

लाल खड्याच्या अंगठीबद्दल फार आशा नको. व्हर्नय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९०२ मध्ये भट्टीत माणिक तयार करण्याची पद्धत जाहीर केली. त्यामुळे गेल्या शंभर वर्षांतल्या पुष्कळ अंगठ्यांतलं "आजीचं माणिक" हे भट्टीतलं आहे. कठीणपणाला ते खऱ्याच्या बरोबरीचं असतं, कोमट पाणी आणि सौम्य साबण त्याला सहज चालतो. मात्र हल्ली नव्यानं विकत घेतलेलं माणिक असेल तर सावध राहा. तडे काचेनं भरलेली माणकं बाजारात खूप आहेत, आणि आम्लानं त्यांतली काच खराब होते. पाचूच्या भेगांत तेल मुरवलेलं असतं, म्हणून पाचूलाही गरम पाणी नको. कुठल्या ग्रहाला कुठला खडा चालतो, हे मला पत्रातून विचारू नका हं. तो या पानाचा विषय नाही. पण कुणी ग्रहाच्या नावानं खडा विकत असेल, तर दाखल्याशिवाय पैसे देऊ नका, एवढं मात्र या पानाचंच सांगणं आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर तोही उरकून टाकू. खड्याचा दागिना घेताना दोन वजनं वेगळी लिहून मागा : एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन. खड्यांचं वजन कॅरटमध्ये सांगतात. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. सहा ग्रॅमच्या अंगठीत पाच कॅरटचा खडा असेल, तर सोनं पाचच ग्रॅम आहे, आणि सहा ग्रॅमला सोन्याचा भाव दिलात तर खड्याच्या वजनाचे पैसे सोन्याच्या भावानं गेले. विकताना मात्र तोच खडा काढून तराजू लावतात! हॉलमार्कचा शिक्का सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याबद्दल तो काहीच बोलत नाही. सोनेतारण कर्ज घेतानाही बँक खड्यांचं वजन वजा करते आणि तो हिशेब रास्तच आहे. पण तारणाच्या पावतीवर "लाल खडा १, मोती ७" असं मोजून लिहून घ्या. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या किती बायकांच्या अंगावरचं सोनं गहाण पडलं, हे घराघरांतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं आहे. दुष्काळ आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतो. त्या वेळी हाताशी कागद असावा.

आणि दुपारी पुरुषमंडळी घरी नसताना "दागिने उजळून देतो" म्हणत दारात येणारा माणूस! त्याच्या बाटलीत बहुधा अम्लराज असतं, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण. सोनं त्यात विरघळतं. दागिना चकचकीत होऊन परत येतो आणि सोनं त्याच्या बाटलीत राहतं. मोती-पोवळ्यांचं त्यात काय होईल ते आता तुम्हीच सांगाल. त्याला दारातूनच परत पाठवा, अंगावरची पोत तर मुळीच काढून देऊ नका.

आता ते खणाच्या तुकड्यातले तपकिरी मणी. पत्रातलं वर्णन वाचून मला तर ते अकीक वाटतात. तसे असतील तर पेटीतली ही सगळ्यात स्वस्त आणि तरी सगळ्यात अभिमानाची वस्तू. आपला जिल्हा ज्या काळ्या खडकावर बसला आहे, तो लाव्हारस थिजून झालेला. तो थिजताना त्यात वायूचे फुगे राहिले, नंतर त्या पोकळ्यांत सिलिका थरावर थर बसत गेली, आणि तयार झाल्या गारगोट्या आणि पट्ट्यांचे अकीक. विहीर खणताना, सिंदफणेच्या नाही तर गोदावरीच्या पात्रात अशा गारा तुम्ही पाहिल्या असतील. लहानपणी त्या एकमेकींवर आपटून ठिणग्याही पाडल्या असतील.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक जाणाऱ्या व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाचं समुद्रप्रवासाचं पुस्तक लिहिलं. त्यात नोंद आहे की पैठणहून पट्ट्यांचा अकीक आणि तेरहून कापड गाड्यांनी भडोच बंदरात जातं. तिथून ते जहाजांनी पश्चिमेला जाई. पैठणहून तेर पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असंही तो लिहितो. नकाशा काढा आणि पैठण ते तेर सरळ रेघ ओढा. ती जवळजवळ बीड शहरावरून जाते! म्हणजे रोमच्या बायका ज्या दगडाच्या अंगठ्या मिरवत, तो दगड आपल्या शेजारच्या पैठणातून गेलेला आहे, आणि आपण जत्रेतून प्लॅस्टिकचे मणी आणतो.

अकीक हा आपला पैलवान. कोमट पाणी, चिमूटभर साबण, दात घासायचा मऊ जुना ब्रश, स्वच्छ पाण्यानं विसळलं की झालं. फक्त रंगवलेला अकीक ओळखा. हिरवा, गुलाबी, निळा भडक अकीक बहुधा रंगवलेला असतो आणि उन्हात विटतो. काळाभोर "ओनिक्स" कसा करतात ऐका : अकीक साखरेच्या पाकात मुरवायचा आणि मग सल्फ्युरिक आम्लात घालायचा. आत मुरलेली साखर जळून कोळसा होते, त्याचा तो काळा रंग. आपल्या ऊसवाल्या जिल्ह्याला हे सांगायला हवंच. लाल अकीक मात्र बहुतेक तापवून लाल केलेला असतो, खंबायतला हे काम शेकडो वर्षं चाललं आहे आणि तो रंग टिकतो. मण्याचा रंग पक्का की कच्चा हे पाहायचं असेल, तर भोकाजवळ नेलपॉलिश काढायच्या औषधाचा पांढरा बोळा फिरवा. बोळ्यावर रंग उतरला तर मणी रंगवलेला.

खंबायतचं नाव आलं म्हणून एक इशारा. नदीतून आणलेल्या गारा घरी घासून मणी करायचा उत्साह कुणाला आला, तर तो आवरा. अकीक घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, आणि त्याला औषध नाही. खंबायतच्या कितीतरी कारागिरांचा जीव या रोगानं घेतला आहे. मणी घासलेले, भोक पाडलेले विकत घ्या. आपण ओवायचं काम करू, त्यात धोका नाही आणि हातखर्चापुरती कमाईही आहे. तुटलेल्या माळा नीट ओवून देणारं माणूस आता गावोगाव मिळत नाही, तेव्हा हात बसला तर कामाला तोटा नाही.

भगिनींनो, पोवळी आणि अकीक एका माळेत मात्र नको. सात आणि साडेतीन, आठवतंय ना? वर्षभरात अकिकानं पोवळ्यांची कडा खाल्लेली दिसेल. दोन माळा करा. पोवळ्यांची सणासुदीला, अकिकाची रोजच्याला.

ओवायला तंगूस घेऊ नका. तो ताणतो, कडक होतो आणि नेमका बाजारात तुटतो. जाड रेशमी दोरा घ्या. माळ जेवढी लांब हवी त्याच्या पाचपट तरी दोरा कापा, कारण तो दुहेरी घ्यायचा आहे आणि गाठींत बराच जातो. दोरा ओला करून, टोकाला कुलूप बांधून रात्रभर खुंटीला टांगा. ताणायचा तेवढा आधीच ताणून घेतला की माळ नंतर सैल पडत नाही. परातीत जुना टॉवेल अंथरून त्यावर मणी मांडा, नाहीतर अर्धा वेळ पलंगाखाली जाईल. मोठे मणी मधे, लहान कडेला. प्रत्येक मण्याचं भोक आतून पाहा. कडा धारदार असेल तर तो मणी बाजूला काढा, तोच दोरा कापतो. दोऱ्याच्या टोकाला डिंक लावून ते वाळवलं की सुईची गरजसुद्धा पडत नाही.

एक मणी, एक गाठ. गाठ सैल घ्यायची, तिच्यात जाड सुई घालायची, सुईनं गाठ मण्यापर्यंत सरकवत न्यायची आणि मगच सुई काढून ओढायची. पहिल्या दहा गाठी वाकड्या येतील, त्या सोडून पुन्हा करा. या गाठींमुळे मणी मण्यावर घासत नाही आणि माळ तुटली तर एखादाच मणी पडतो, सगळे नाही. आठ मिलिमीटरचे मणी असले तर सोळा इंची माळेला गाठी धरून पंचेचाळीसच्या आसपास लागतात, म्हणजे तुमच्याकडचे बहुधा पुरतील. कमी पडलेच तर मागच्या बाजूला, वेणीखाली जाईल तिथे, चार सोन्याचे किंवा चांदीचे मणी घाला. पोवळ्यांनाही हीच रीत, फक्त दोरा बारीक आणि ओढताना हात हलका.

दोन मणी मुद्दाम शिल्लक ठेवा. ते माळेच्याच बटव्यात, चिठ्ठीवर ओवल्याची तारीख लिहून. रोज अंगावर असलेल्या माळेचा दोरा वर्ष-दोन वर्षांत मळतो आणि गाठींपाशी विरतो, तेव्हा ती चिठ्ठी पाहून लेकीनं माळ पुन्हा ओवायला घ्यावी.